सळईचं मनगट

...आता हे काऊन विचारता भाऊ, का बायकोचं आपरेशन अन् हा इथी रोडावर मासे विकून राह्यला म्हणून? कापून देऊ का तसेच नेता? कापतो, थांबा — तं नागपूरचे डॉक्टर लय हुशार. कुंताची गर्भपिशवी काढाची हाये, आतून सारं चिकटलं म्हणे, जागाच नाई. तं हे लोक आपला हात नाई घालत, यंत्राच्या सळया घालते. डॉक्टर चार पावलं दूर खुर्चीवर बसते, काचेत डोळे लावून बोटं हालवते, अन् तिकडं पोटात सळईचं मनगट वळते. हो, सळईले मनगट! सरळ सळई कोपऱ्यात गाठ कशी मारन, हे तो डॉक्टर मले समजावून राह्यला. मले! आमच्या घरी मासे धराचे बांबूचे सापळे हायेत, तोंड इतकुसं, बाईचीच मूठ जाईन. फाटला तं गाठ आतून माराची, बाहेरून मारली का कासव कुरतडते. आत हात टाकून, न पाहता, मनगट उलटं फिरवून — कुंता मारे. साऱ्या गोंडपिपरीत दुसऱ्या कोणाले जमे नाई. तिले कोणी खुर्ची देल्ली का? नाई देल्ली.

आता नाई मारत ती. चार वर्षं झाले, मनगट वळतच नाई. पडली. पडलीच म्हणा ना — मी तिथीच होतो, थोडा पेलो होतो, सापळा फाटका राह्यला, सारे मासे गेले — जाऊ द्या. हे डोकं ठेवू का फेकू?

तं डॉक्टरनं टीव्हीवर दाखवलं ते मनगट. माणसापेक्षा जास्त फिरते म्हणे, अन् थरथरत नाई. मी हासलो, म्हटलं यंत्राले बायको नसन म्हणून. कुंता नाई हासली. तिनं एवढंच विचारलं, "हे मनगट कोणी पिरगाळलं तं?" डॉक्टरनं माह्याकडं पाह्यलं. मी टीव्हीकडं. तो म्हणे, त्याले कोणी हातच नाई लावू शकत बाई. तं कुंता म्हणते, "मंग करा. फक्त माह्या नवऱ्याले घरीच राहू द्या."

पोरगी रोशनी गेली सोबत. दहाले आत नेणार होते. आता किती वाजले? दीड? फोन नाई आला अजून. भेव लागून राह्यलं भाऊ, खरं सांगतो.

हे घ्या मासे. सरका आता, मागं गिऱ्हाईक उभं हाये. कोणी नाई? — तरी सरका.