विम्याचा बोकड

बसा की बद्रीनाथभाऊ, कुठं निघालात — मालक म्हशीला घेऊन टँकरपाशी गेलेत, येतील आत्ता. ती कडब्याची पेंडी सरकवा नि टेका. सोसायटीची जनावरांची चारा-छावणी हाय, गादी कुठून आणू. आन् तो सहीचा कागद पिशवीतच राहू द्या. मालकाच्या विम्याची पॉलिसी मोडायची न्हाई. मालकानं निरोप धाडला म्हणून बीडवरून आलात, तर च्या प्या नि जा. त्यायला बोअर घ्यायचाय म्हणे. सगळ्या उमापुरानं बोअर पाडले, सगळ्यायच्या तोंडावर फुफाटा उडाला, आता आमचंच तेवढं राहिलंय. मोडायची कावून पण? मागल्या दुष्काळात कडबा घ्यायला काय केलतं आपण — पॉलिसीवर कर्ज उचललं, डेअरीचं बिल आलं तसं फेडलं, पॉलिसी जाग्यावर. शेळीची धार काढावी का शेळीच खाटकाला द्यावी? तुमीच शिकवलतं मला, नि तुमीच आता मोडायचा कागद घेऊन आलात. हसताय काय.

माझा विम्याचा बोकड तर तुमाला ठावं हाय. लोकं देवाला बोकड सोडतेत, मी विम्याला सोडते — दरसाल एक करडू राखायचं, पाव्हणा येवो का जत्रा येवो, त्याला कुणी हात लावायचा न्हाई. मोठा झाला की बाजारी, नि हप्ता तुमच्या हातात. आमची जाऊ वत्सलाबाई म्हणती, नवऱ्याच्या मरणावर बोकड पोसतीस व्हय गं. म्हणलं बाई, मरणावर न्हाई, जगण्यावर. ही पॉलिसी मुदतीची न्हाई, जन्माची हाय — माणूस हाय तवर हप्ता. हप्ता गेला म्हंजी माणूस हाय. मला ते मागनं मिळणारे पैसे दिसतच न्हाईत, खरं सांगते. मला बोकड बाजारी नेताना बरं वाटतं, बस. मालक तर काय, लई चिकट माणूस — एकदा यष्टीत तलवाड्याचं तिकीट काढलं, मधी आपलंच शेत लागलं, म्हणलं उतरा, तर न्हाई. पैसे भरलेत म्हणले. तलवाड्याला जाऊन चालत माघारी आले, उन्हाचे. मी आपली शेतापाशीच उतरलेली, घरी हसून हसून बेजार.

तर मोडू नका. एकदा मोडली की नवी कोण देतंय त्यायला — डाक्टरनं तपासल्याबिगर तुमी देता व्हय? आन् हल्ली तर विहिरीच्या चढाला मधीच थांबतेत, छातीला हात लावून, इचारलं तर बिडीचा ठसका म्हणतेत, नि बिडी तर दिवाळीलाच सोडलीय... मी कुठं काय म्हणलं? छातीचं? जाऊ द्या, निघालं तोंडातनं. दवाखाना म्हणलं तर म्हणतेत, आधी बोअर. म्हणून तर मोडायची घाई, जायच्या आधी माझ्यासाठी पाणी ठिवायचंय त्यायला. मला पाणी नको, भाऊ. मला तो माणूस पायजे. सोमवारी बाजाराच्या नावानं बीडला नेणार हाय, मग घालीन दवाखान्यात.

हे घ्या, धरा. यंदा दोन बोकडं होती, दोन्ही विकली. एक ह्या सालचा हप्ता, एक येत्या सालचा. — आगाऊ भरून फायदा न्हाई? तुमाला कुणी फायदा इचारला? भरा म्हणलं की भरायचं. त्यायला मी आज जेवताना सांगणार हाय, येतं साल भरून टाकलंय म्हणून. तिकीट काढलंय म्हणल्यावर हा माणूस मधी उतरायचा न्हाई.

आले बघा, म्हशीमागं. थांबत थांबत येतेत. छातीचं बोलू नका, तो बिडीचा ठसका न्हाई हे मला कळलंय, ते त्यायला ठावं न्हाई. कप ठिवा खाली. उठा आता, मला शेण काढायचंय.