तात्यांसाठी ठेवलेली तबकडी

जमलेल्या मंडळींनो, अध्यक्ष अप्पासाहेब, आणि पहिल्या रांगेत बसलेले शशाचे वडील, सुभेदार तात्या,

शशाबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. बँडमध्ये मी त्याच्या शेजारी गिटार वाजवायचो. बोलायचं काम त्याचं होतं. परवा उंब्रजजवळ जीप उलटली, शशा गेला आणि ते काम माझ्यावर आलं. जड जातंय. त्यात मला राग आलाय.

व्हय, राग! आत्ताच अप्पासाहेब म्हणाले, "इस्लामपूरचा हिरा हरपला." हिरा? अप्पासाहेब, शशा जिता होता तवा तुम्ही त्याला काय म्हणत होता? मी सांगू, का तुम्ही सांगता? चिमणी! बाजारात, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या गेटावर. "आली बघा चिमणी." अख्खं गाव म्हणत होतं.

आठवतंय का? आणीबाणीच्या आधीचा गणपती. हाच चौक. आमच्या 'गुऱ्हाळ' बँडची पहिली मोठी तबकडी मुंबईहून आली होती. आम्ही चार पोरं, सगळी उसाच्या शिवारातली. स्टुडिओत काचेपलीकडचा साहेब म्हणाला होता, रॉक गाणं इंग्रजीतच शोभतं. शशा म्हणाला, "साहेब, आमच्याकडं भांडत्यात बी मराठीत आन् रडत्यात बी मराठीत." आणि गायला. काय गायला, गड्यांनो! जाड, खालच्या पट्टीतला आवाज. ऐकून तो साहेबच ताल धरायला लागला.

त्या गणपतीला तात्या पलटणीतली पदकं लावून आले होते. नारळ फुटला. बापू लाऊडस्पीकरवाल्यानं तबकडी लावली. बापूचा दोष नाही. त्याच्या यंत्रावर जन्मभर लग्नातल्या जुन्या तबकड्या वाजल्या, त्या भरभर फिरतात. आमची मोठी तबकडी हळू फिरायची. वेगाचा खटका बदलायला हवा होता, ते बापूला ठाऊक नव्हतं. भोंग्यातून शशाच्या जाड आवाजाऐवजी नुसती चिवचिव सुरू झाली.

शशा ओरडत होता, "खटका बदला! येग चुकलाय!" मी ओरडत होतो. कुणी ऐकलं? शिट्ट्या मारल्या तुम्ही. टोप्या उडवल्या. अप्पासाहेब खुर्चीत पोट धरून हसले. आणि तात्या उठले, मान खाली घालून घरी गेले. लढाईत पाठ न दाखवलेला माणूस, त्याला तुम्ही भर चौकातून घालवलंत.

चूक एका खटक्याची. तिथल्या तिथं सुधारली असती. पण फुकटची मजा कोण सोडतंय? त्यानंतर एकानं तरी विचारलं का, बाबा रं, खरं गाणं कसं हाय? एकानं तरी?

तात्यांनी घरात हुकूम सोडला, "त्या गाण्याचं नाव माझ्या म्होरं काढायचं न्हाई." शशानं उलट शब्द काढला नाही. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवत हिंडला. मात्र आमच्या त्या तबकडीची एक प्रत त्यानं कोरी ठेवली, तिला सुई लागू दिली नाही. मी म्हणायचो, वाजव की लेका. तो म्हणायचा, "ती तात्यांची हाय. त्यास्नी कवातरी ऐकावंसं वाटंल."

ती ही तबकडी.

आज सकाळी मी ती तात्यांच्या पुढ्यात ठेवली. घरातलं कुणीतरी म्हणालं, सुतकात गाणंबजावणं करू नये. तात्यांनी धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "पोरगा माझा गेलाय. सुतक माझं हाय. चौकात लाव."

अप्पासाहेब, आता तुम्ही सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं करणार होता. नको. शांत बसायची वेळ त्या गणपतीत होती, तेव्हा तुम्ही हसलात. आज बसा. खाली बसा आणि ऐका. ज्याला हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

कुणी हसत नाही? बरं.

बापू, खटका मी बघितलाय. बरोबर आहे.

तात्या, तुमचा शशा गातोय.