हनुवटी कुणावर गेली

सिस्टर : काकू, नववा प्रश्न तुम्ही कोराच ठेवलाय.

आई : कुठला नववा?

सिस्टर : 'चेहऱ्यात काही बसवलेलं आहे का? धातूची पट्टी, स्क्रू, सिलिकॉन, आणखी काही?' हो किंवा नाही, एवढंच लिहायचंय.

आई : अहो, मी एकसष्ट वर्षांची बाई. दात सोडले तर या वयात चेहऱ्यात काय बसवणार?

लेक : दात आठव्या प्रश्नात होते, आई. तिथे तू चार ओळी लिहिल्यास. इथे 'नाही' लिहायला एवढा वेळ?

आई : तू गाडी नीट लावलीस का गं?

लेक : मी लोकांना गाडी लावायला शिकवते. पोट त्याच्यावरच चालतं माझं.

आई : तरी एकदा बघून ये.

लेक : मघाशी पाणी आण म्हणालीस, आणलं. मग चष्मा गाडीत राहिला म्हणालीस, तो तुझ्या डोक्यावर होता. तू मला इथून हाकलतेयस का?

आई : काहीतरीच काय! मी कशाला हाकलू? ऐका सिस्टर, लोक वाढदिवसाला आईला शाल देतात, घड्याळ देतात. माझ्या लेकीने गाल आवळून द्यायचं ठरवलं.

लेक : आणि वर्षभर आरशासमोर उभं राहून 'गालांच्या पिशव्या झाल्या, पिशव्या झाल्या' कोण करत होतं?

सिस्टर : घाबरू नका काकू. चिरफाड नाही, टाके नाहीत. यंत्र गालावरून फिरवायचं, त्वचेच्या आत ऊब जाते, मग त्वचा हळूहळू आवळत जाते.

आई : म्हणजे इस्त्रीच की!

सिस्टर : इस्त्रीच समजा. पण इस्त्रीआधी आपण खिसे तपासतो ना? तसा हा नववा प्रश्न.

आई : माझ्या खिशात काही नाही. लिहा 'नाही'.

सिस्टर : सही तुमची आहे, तुम्हीच लिहा. आणि जरा आठवून हं. मागे एक गृहस्थ 'नाही' लिहून इथे आडवे झाले. तेवढ्यात बायको बाहेरून ओरडली, 'अहो, जबड्यातले चार स्क्रू!' वीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले होते. ते साफ विसरले होते.

लेक : आणि बायकोच्या बरं लक्षात?

सिस्टर : स्कूटर तीच चालवत होती ना!

आई : बरं, समजा... नुसतं समजा हं... एखादीच्या चेहऱ्यात असलं काही असलंच, तर काय होतं?

सिस्टर : काय आहे आणि कुठे आहे, त्यावर ठरतं. तिथे ऊब द्यायची की तेवढी जागा सोडून द्यायची, हे डॉक्टर बघतात. पण त्यासाठी त्यांना माहीत तर हवं! लपवून झोपलं आणि आत भाजलंबिजलं, तर निस्तरायचं कुणी?

आई : नाही, माझी आपली एक मैत्रीण आहे, म्हणून विचारलं.

लेक : कोण मैत्रीण?

आई : तुझ्या ओळखीची नाही.

लेक : तुझ्या सगळ्या मैत्रिणी माझ्या ओळखीच्या आहेत. दर रविवारी आपल्याच घरी ठाण मांडून असतात.

आई : ही रविवारी येत नाही.

सिस्टर : बरं, काय आहे मैत्रिणीचं?

आई : हनुवटी. तरुणपणी बसवून घेतली म्हणे. सिलिकॉनची. पण फार जुनी गोष्ट हो, आतापर्यंत विरघळलीबिरघळली असेल, नाही का?

सिस्टर : सिलिकॉन काय खडीसाखर आहे का? असं करा, जरा माझ्याकडे वळा. जेल लावण्याआधी मी हाताने चाचपून घेते. हा गाल ठीक. हाही ठीक. आणि काकू, हनुवटीला हे टणक काय लागतंय?

आई : हाड आहे ते! आमच्या माहेरचं हाड. आमच्यात सगळ्यांचं तसंच असतं.

सिस्टर : हाडाला अशी कड नसते हो.

लेक : सिस्टर, माहेरच्या हनुवटीबद्दल आमच्या घरात बोलायचं काम नाही. फार मानाची वस्तू आहे ती. माझ्या वाट्याला नाही आली. मी आत्यावर गेले ना!

सिस्टर : हो हो, तुमची पण साडेअकराची वेळ आहे ना ताई, डॉक्टरांकडे? हनुवटीबद्दलच विचारायचं होतं तुम्हाला.



लेक : सिस्टर, ते आपण नंतर बोलणार होतो.

सिस्टर : अगं बाई! मला वाटलं घरी माहीत आहे. मी... मी डॉक्टरांना विचारून येते. आलेच.

आई : कसली वेळ घेतलीस तू?

लेक : हनुवटी बसवतात, त्याची. नुसतं विचारायचं होतं.

आई : तुझ्या हनुवटीला काय धाड भरलीय?

लेक : हे तू विचारतेस? चौथीतला माझा शाळेचा फोटो आठवतो? तू तो स्टुडिओत नेलास आणि माझी हनुवटी वाढवून आणलीस. मी कौतुकाने बाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, ही कोण?

आई : अगं, कामच होतं ते माझं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून दिवसाला तीस-तीस चेहरे दुरुस्त करायचे मी. हात सवयीने गेला.

लेक : मी तुझं गिऱ्हाईक नव्हते, आई. दिवसभर मी शिकणाऱ्यांच्या नावाने ओरडते, आरशात बघा, आरशात बघा. आणि स्वतः आरशात बघते ती फक्त मागून येणारी गाडी.

आई : तो फॉर्म घे.

लेक : आता फॉर्मचं काय मध्येच?

आई : नवव्यात 'हो' लिही. सही मी करते.

लेक : काय लिहू?

आई : 'हो' लिही म्हटलं ना! मैत्रीण-बित्रीण कुणी नाही. मीच ती. चोविसाव्या वर्षी बसवली, स्टुडिओतल्या पगारातून. दिवसभर दुसऱ्यांच्या हनुवट्या नीट करायच्या आणि घरी येऊन आपलं तोंड बघायचं, नको झालं होतं मला. ओठ संपला की गळाच सुरू. अगदी...

लेक : अगदी माझ्यासारखं.

आई : हुबेहूब.

लेक : थांब. थांब थांब. म्हणजे तुझ्या माहेरची ती नावाजलेली हनुवटी...

आई : विकतची आहे.

लेक : आणि चौतीस वर्षं तू आत्याला बोल लावलेस! 'वन्सं, तुमच्याकडचं वळण हो हे.' पाहुण्यांसमोर! चारचौघांत! बिचारी अजून फोटो काढताना मान वर करून उभी राहते!

आई : तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला वन्संनी. मला कळत नाही का ते?

लेक : आणि बाबा? त्यांना माहितीये?

आई : त्यांना काय कळतंय! मी मिशा लावून आले तरी दोन दिवसांनी विचारतील. आमची ओळख झाली तेव्हा टाके काढून पंधरा दिवस झाले होते. मला म्हणाले, तुमच्या चेहऱ्यावर कसा निश्चय दिसतो. निश्चय कसला डोंबलाचा, सूज होती ती!

लेक : हसवू नकोस. मी चिडलेय.

आई : चीड ना. हक्कच आहे तुझा.

लेक : पण मुळात आत्याचं नाव घ्यायचंच कशाला? तू गप्प बसली असतीस तरी चाललं असतं की.

आई : भ्यायले गं. तू झालीस, तुला माझ्या हातात दिलं, आणि बघते तर माझाच जुना चेहरा. वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळणार. कुणी काही विचारायच्या आत मीच ओरडले, आत्यावर गेली, आत्यावर गेली! चोराच्या उलट्या बोंबा. एकदा बोलले, मग बोलतच राहिले. पुढे पुढे तर मलाच ते खरं वाटायला लागलं.

लेक : मला वाटायचं, तुला मी आवडत नाही.

आई : वेडी आहेस का? जिवापाड आवडायचीस. मला मीच आवडायचे नाही, आणि तू डोळ्यांसमोर माझंच रूप घेऊन हिंडायचीस. त्यात तुझी काय चूक होती? माझं चुकलं, बाळा. फार चुकलं.

लेक : नाक पूस. जेल लागलंय वाटेल त्यांना.

आई : तू पूस आधी.

लेक : मग आता मी काय करायचं? बसवायची का नाही?

आई : ते तुझं तू ठरव. बसवलीस तर दवाखान्यात डबा घेऊन मी येईन. मी नको म्हणू कुठल्या तोंडाने? फक्त माझ्या बोलण्यापायी बसवू नकोस. ते सगळं खोटं होतं.

सिस्टर : येऊ का आत? काकू, नवव्याचं काय ठरलं?

आई : लिहिलंय. हनुवटी, सिलिकॉन, सदतीस वर्षं झाली.

सिस्टर : त्या वेळचे कागद आहेत का?

आई : फाडून टाकले. घरात कुणाच्या हाती लागले असते तर?

सिस्टर : मग आज यंत्र लावायचं नाही. डॉक्टर आधी तपासतील, गालांचं काय करायचं ते सांगतील. हनुवटीच्या वाटेला जायचंच नाही असं म्हणाले.

आई : म्हणजे गाल तेवढे आवळायचे आणि हनुवटी तशीच ठेवायची? विचित्र नाही दिसणार?

सिस्टर : राग मानू नका, पण अख्ख्या चेहऱ्यात ती एकटीच जागेवर आहे.

लेक : माल चांगला मिळायचा म्हणजे तेव्हा!

सिस्टर : आणि ताई, तुमची साडेअकराची वेळ ठेवू की काढू?

लेक : काढा आज. मला आधी ही आहे ती नीट बघू दे. आजवर कधी धड बघितलीच नाही मी.

आई : माझ्या पर्समधला फोन दे जरा.

लेक : कुणाला करतेस?

आई : तुझ्या आत्याला. घरी जाऊन करते म्हटलं तर वाटेतच अवसान गळेल माझं.

सिस्टर : मी बाहेर थांबू का, काकू?

आई : बसा हो. तुम्हीच तर खणून काढलंत... हॅलो, वन्सं? मी बोलतेय. आधी खाली बसा बरं तुम्ही. नाही हो, सगळे बरे आहेत. पोरीच्या हनुवटीबद्दल बोलायचंय... नाही, नाही, ऐका तर. ती तुमच्याकडची नाही. माझी आहे... हो, माझीच. सांगते ना, पहिल्यापासून सगळं सांगते, मग काय द्यायच्या त्या शिव्या द्या... ती? आहे की, ही काय समोरच बसलीय... हो वन्सं. छान दिसते तिला.