चावीवाल्यानं आणलेला सांगावा

आमचं मूळ करमाडचं. म्हंजी गाव करमाड, पण गावात आमचं काय नव्हतं, ना वावर ना घर. जे काय व्हतं ते टेसनापल्याड, रुळाच्या कडंला. आजा लाईनीवर रोजंदारीचा गँगमन, आजी तिथंच खडी फोडायची, पुढं बापबी लाईनीवरच लागला. बाकीच्या बाया शेतकऱ्याची पोरगी म्हून सांगत्यात, म्या रुळाची पोरगी. आता गारखेड्याला लेकाच्या फ्लॅटमधी ऱ्हाती, तिथं गाडीचा आवाजबी येत नाय. काय सांगू तुम्हाला ताई, लई सुनं सुनं वाटतं.

तर आज्याचं इचारलं तुम्ही. आजा म्या पाह्यलाच नाय. माह्या बापालाबी आठवत नव्हता, बाप तव्हा आजीच्या कडंवर व्हता. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले, मंग लाईनीची कामं निघाली आन आज्याला परतुराकडं पुलाच्या कामावर धाडलं. गेला तो गेलाच.

आता सांगावा कसा धाडायचा? अक्षर दोघांनाबी येत नव्हतं. पण लाईनीवर चावीवाले असायचे. चावीवाला म्हंजी हातोडा घिऊन रोज सकाळी आपल्या हद्दीचा रूळ बघत जायाचा, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायचा, आन हद्द संपली की पुढचा चावीवाला समोरून यायचा, दोघं तिथं बिडी वढायचे आन माघारी फिरायचे. सांगावा त्यांच्याच तोंडी जायाचा, ह्याच्याकडून त्याला, त्याच्याकडून पुढच्याला, पार जालन्यापल्याड. आजीनं आमच्या हद्दीच्या चावीवाल्याजवळ, रहीमचाचाजवळ, सांगावा दिला की पोरगं तापानं फणफणलंय, या. मंग रोज वाट बघायची. एक दिवस रहीमचाचा रुळावरून येताना दिसला तशी पोराला घिऊन उठली, येतो म्हणले का, असं हासतच इचारलं. तो म्हणला, हां, आते बोले.

पोरगं बरं झालं, आजा आला नाय. पण संक्रांतीला रहीमचाचानं हिरव्या बांगड्या आणून दिल्या, तुमारे आदमी ने भेजे म्हणला. आजीनं त्या साऱ्या गावाला दाखवल्या. मंग रहीमचाचाची बदली झाली, नव्या चावीवाल्याला आज्याचं काय ठावं नव्हतं, आन सांगावाबी बंद, बांगड्याबी बंद.

तव्हा गावानं ठरवलं की आज्यानं तिकडं दुसरी केली, आन हळूहळू आजीनंबी तेच धरलं. हळदीकुंकवाला बाया तिला बोलवायच्या नायत, नवरा हाय का नाय कुणाला ठावं. पण ती कुंकू ठसठशीत लावायची, रागानं लावायची. पितरपाटात बाप म्हणायचा, बाबाला घास ठेवू का, तर म्हणायची, जित्या माणसाला कशाचा घास, आन मेला असंल तर ठेवील त्याची ती. तोंडानं लई फटकळ, म्या तिच्यावरच गेले. मरतानाबी आज्याला शिव्याच दिल्या तिनं. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेली, तव्हाबी बाया कुजबुजल्याच.

बाप गेला, भाऊ नाय, तर हे माह्याच जिवाला लागून ऱ्हायलं. आजा खरंच तसा व्हता का? आपल्या माणसाचं एवढं तरी कळावं का नाय? लेक म्हणतो, मम्मी, सोड ना आता. म्या काय सोडणारी हाय व्हय? जुन्या गँगवाल्यांच्या घरी इचारत इचारत बदनापूरला पोचले. रहीमचाचाची लेक, मेहरूनबी, माह्याहून थोरली, दारातच बाजंवर बसलेली. म्या आजीचं नाव सांगितलं तर ती रडायलाच लागली.

ती म्हणली, तुमारे दादा तो उसीच वख्त गुजर गए थे. पुलावर पटकी आलती, तिकडच्या गँगवाल्यांनीच नदीकाठी अग्नी दिला. खबर हद्दीहद्दीनं अब्बापाशी आली, पण अब्बा माघारी आले तर समोर तुमची आजी हासत उभी, कडंवर आजारी लेकरू, अब्बा की जुबानच नै उठी. लेकरू बरं झालं की सांगू म्हणले, मंग संक्रांत झाली की सांगू म्हणले. बांगड्या अब्बानंच जालन्याच्या बाजारातून घेतल्या. अब्बा को माफ करो बहन.

आधी राग आला, लई आला, की जल्मभर मेलेल्या माणसाला शिव्या देत बसली माही आजी. मंग मेहरूनबीचा हात हातात घेतला. रहीमचाचाच्या जागी म्या असते तर माह्याबी तोंडातून दुसरं काय निघालं असतं?

हे यंदाचंच. पितरपाटातली अविधवा नवमी, ती सवाष्ण मेलेल्या बायांची, आजीचा घास आम्ही तव्हाच ठेवतो. आता आजा आधी गेला म्हणल्यावर ती सवाष्ण कशी, भटजी म्हणला तिथी बदला. म्या नाय बदलली, पाप लागलं तर मला लागू द्या. गच्चीवर घास ठेवला आन मोठ्यानं सांगितलं, आजी, त्यानं दुसरी केली नव्हती गं. शेजारीण कपडे वाळू घालीत व्हती, बघतच ऱ्हायली.

आज्याची तिथी कुणाला ठावं नाय, म्हून त्याचं पयलं पान सर्वपित्रीला वाढलं. त्याला काय आवडायचं ते सांगणारं कुणी उरलं नाय ताई, तर म्या सगळंच केलं, खीर, वडे, पुरण, भाकर, मिरचीचा ठेचासुदीक. एकटीनंच केलं, लेक कामावर गेल्ता.

बसा, च्या घिऊन जा. देव करो, तुमचं माणूस रोज येळंवर घरी येवो.