सात नंबरचा ठोकळा

हॅलो? … हाव, बोल दिपू. … न्हाई, डबा खाऊन झाला. लॅबच्या मागच्या जिन्यात आलेय, इथं रेंज असती. … अहमदपूरहून चारची गाडी पकडणार ना? मी नांदेडला स्टँडवर येते. पोट साफ व्हायचं पावडरचं पाणी माझ्याकडंच पी आज रात्री, उद्या अकराला आतड्याची दुर्बीण हाय.

… काय? … येत न्हाईस?

… कशामुळं? … तीन दिवस झाले परसाकडला रक्त न्हाई. बरं. … सासूबाई म्हणल्या उष्णता हाय. … सासूबाईंनी आतून बघितलंय का? … चिडून न्हाई राहिले गं. …

अगं ऐक ना. हे थांबतंय, परत येतंय. मायचं बी थांबायचं. … तुला तेच झालंय असं कुठं म्हणलं मी? मायला आतड्याचा कॅन्सर झाला, म्हणून आपण दोघींनी एकदा बघून घ्यायचंच असतं. माझी झाली ना मार्चमधी? काही निघालं न्हाई. … न्हाई दुखत, झोपेचं इंजेक्शन देतात. … बाईच हायेत डॉक्टर. मी आधीच विचारून ठेवलंय, तुझा स्वभाव माहीत हाय मला. …

पुढच्या महिन्यात न्हाई. … आनंदरावांना मी सांगते, त्यांची काळजी सोड. … न्हाई दिपू, उद्याच. …

थांब. एक सांगायचंय. सांगणार नव्हते. … तू बस जरा खाली. बसलीस? …

आमच्याकडं पेशंटच्या गाठीचा तुकडा येतो ना, तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मग त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, त्यावर औषध टाकायचं. एका प्रोटीनचा पत्ता लावायचा असतो, बीटा-कॅटेनिन म्हणून. … नाव सोड गं. चांगल्या पेशीत ते कडेला असतं, शेजारणीला धरून ठेवायला. फुगडीत हात धरतो तसं. कॅन्सरमधी ते कड सोडतं आणि पेशीच्या पार मधी जाऊन बसतं. तिथून वाढ, वाढ, म्हणत राहतं. आणि हात सुटलेल्या पेशी निघतात फिरायला. मायच्या लिव्हरपर्यंत गेल्या ना, तशा. …

मुद्द्यावरच येते. ते प्रोटीन जिथं असंल तिथं तपकिरी रंग येतो. पण औषधानं बरोबर काम केलं का, हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक पेशंटच्या कापाशेजारी जुन्या एका तुकड्याचा काप लावायचा. ज्याच्यात ते नक्की हाय, असा. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याला रंग चढला, तरच पेशंटचा रिपोर्ट खरा धरायचा. … हाव, तराजूत माप ठेवतात तसं.

आमचा कंट्रोल म्हणजे सात नंबर. नजीरभाईंनी निवडलेला, आमचे सीनियर. तीन वर्षं झाली. असा सुरेख रंग येतो त्याला… नवीन पोरी आल्या की मीच दाखवायची. कॅन्सर बघायचा तर सात नंबर बघा म्हणायची. हसून म्हणायची गं मी.

परवा तो ठोकळा संपत आला. तसाच दुसरा शोधावा म्हणून जुनं रजिस्टर काढलं. सातच्या पुढं नाव होतं… सरजाबाई व्यंकटी. अहमदपूर. वय बावन्न.

… हॅलो? … दिपू? …

हाव. आपली माय. … मी कशी ओळखणार? ऑपरेशनच्या वेळी मी सुट्टीवर होते, तिच्या उशाशी. तुकडा इकडं आला, ठोकळा दुसऱ्याच कुणी केला. चांगला निघाला म्हणून बाजूला काढला, वर नंबर टाकला. नाव रजिस्टरातच राहिलं. नजीरभाईंना बी ठाऊक नव्हतं, ते तर खुर्चीतच बसले डोकं धरून. …

तीन वर्षं मी रोज सकाळी मायचे काप काढले. आपण तिला जाळून आलो, आता काही उरलं न्हाई म्हणलो. आणि ती माझ्या कपाटात होती, दुसऱ्या खणात. … लई भ्या वाटतं दिपू. काप काढायच्या मशीनचं चाक फिरलं की तिचाच आवाज येतो. धम्मे, लुगड्याचा डाग निघंना गं. …

हाव, मला सांगितलं होतं तिनं. सगळ्यात आधी मलाच. … तुला न्हाई, बाबाला न्हाई. मी म्हणलं मूळव्याध असंल, इसबगोल घे. पोरगी लॅबमधी हाय, तिला कळतंय, म्हणून ती गप बसली. आठ महिने.

… बोल. शिव्या दे. ऐकून घेते. …

पण ये. … सात नंबरचे दोनच काप निघतील आता, ते मी राखून ठेवलेत. तुझा तुकडा आमच्याकडं आला तर… आला तर म्हणून राहिले मी. तर शेजारी तीच असंल. माझं काम एवढंच असतं बघ, पेशंटचा काप सात नंबरसारखा दिसतो का. आणि सगळ्या गावानं तुला म्हणावं, डिट्टो सरजाबाई. चाल तशीच, हसणं तसंच. मला राग यायचा लहानपणी, मला कुणी म्हणायचं न्हाई म्हणून. … दिपू, तिथं तिच्यासारखी दिसू नको गं.

… रडू नको. … पाणी पी. … पोरीला बी घेऊन ये, शाळा एक दिवस बुडली तर काही होत न्हाई. …

काय? … नीट बोल, ऐकू आलं न्हाई. … न्हाई, तू मला महिना म्हणली होतीस. एक महिना म्हणली होतीस दिपू. …

… पोळ्यापासून? पाच महिने रक्त जातंय?

… आनंदरावांना बी सांगितलं न्हाईस? … लुगडं… न्हाई, काही न्हाई. …

चारची न्हाई. आत्ता कुठली गाडी हाय? … अडीचची. मग तीच पकड. … कपडे माझे घाल, इथं हायेत. … न्हाई, सासूबाईंना गाडीत बसून फोन कर. … चप्पल घातलीस? … घाल. … घातलीस?

मी ठेवते आता. तू निघ.