गुंडामामाच्या हाताची शाई

बाळासो : मग ही शाई कसली, मामा? कोपरापातूर काळं झालायसा की.

गुंडामामा : शाई शाईचीच. आदी ते दार लोट. शनवारची शाळा सुटली की प्रयोगशाळंत पोरांनी थांबायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?

बाळासो : सायक्लोस्टाइलची शाई हाय. म्हंजे शास्त्राचा पूर्वपरीक्षेचा पेपर छापून झाला. आन् चाक तुमीच फिरवलंय. व्हय का न्हाई?

गुंडामामा : एकवीस वर्सं मीच फिरवतोय. शाळंचा शिपाई न्हाई फिरवणार तर हेडमास्तर फिरवत्याल व्हय?

बाळासो : मग पाच प्रश्न सांगा. बरं, पाच नकोत, तीन. ह्यो बघा डबा. गुऱ्हाळावरचा गूळ हाय, अजून कोमट लागतोय हाताला.

गुंडामामा : आन् दाराआड कोण ती? आक्काताई, तू? आगं, तू तर शाणी पोरगी. तू बी ह्या बाळासोच्या नादी लागलीस?

आक्काताई : मी नको म्हणत हुते, मामा. ह्योच वढत घेऊन आला.

बाळासो : चुलत बहीण हाय, वढणारच. मामा, माझं काय, नापास झालो तर आबांच्या मागं मिलिटरीत जाईन. उंची हाय, छाती हाय, डोकं तिथं लागत न्हाई. पण हिचं बघा. सहामाहीला शास्त्रात अठ्ठावीस. आता पस्तीस पडलं न्हाईत तर शाळा बोर्डाचा फॉर्मच म्होरं पाठवत न्हाई. आन् फॉर्म अडला की ही वैशाखात उंब्रजला.

गुंडामामा : उंब्रजला काय हाय?

आक्काताई : नवरा हाय. बघून ठेवलाय.

गुंडामामा : वाईट हाय व्हय पोरगा?

आक्काताई : मी कुठं बघितलाय! चांगला बी आसंल. पण मला नर्स व्हायचंय, मामा, सांगलीच्या दवाखान्यात. दादा म्हणालेत, दहावी झालीस तर बघू, न्हाईतर अक्षता. आन् ह्या नव्या दहावीचं हे पहिलंच साल. जुनं पेपर सोडवावंत तर जुनं पेपरच न्हाईत कुणाकडं.

गुंडामामा : हं. गूळ चांगला उतरलाय.

बाळासो : मामा, ती रडायला आलीया आन् तुमी गूळ काय चाखताय!

गुंडामामा : मग काय करू, लेका? मला अक्षर वळखू येत न्हाई. कागदावर मुंग्या चालल्यात का मराठी लिवलंय, मला दोनी सारखंच. त्यात सरांनी आण घातलीया. प्रश्न म्हणून कुणाला सांगायचा न्हाई.

बाळासो : झालं! मुसळ केरात.

गुंडामामा : पण चित्रांची आण न्हाई घातली.

बाळासो : आँ?

गुंडामामा : चितार मला कळतंय. कसं दिसतंय तेवढं मी सांगीन. काय हाय ते तुमी वळखायचं आन् मला समजंल असं सांगायचं. समजलं तर म्होरलं चितार. न्हाई समजलं तर डबा घेऊन मी घरी.

बाळासो : डबा तुमीच नेणार दोनी बाजूनं?

गुंडामामा : आणताना इचार करायचा. ऐका. एक वाटी, पालथी. तिच्यापाशी हातोडी, इवलीशी. खाली दोन रिळं, शिवणाच्या मशिनीला असत्यात तसली, गच्च गुंडाळल्याली.

बाळासो : शिंप्याचं दुकान!

आक्काताई : गप रं. विद्युत घंटा. मृदू लोखंडाच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडला असता त्या गाभ्यास चुंबकत्व प्राप्त होते व...

गुंडामामा : हे पुस्तक बोललं. आता तू बोल.

आक्काताई : म्हंजे... बटण दाबलं की त्या रिळांचं लोहचुंबक हुतं. ते हातोडीची पट्टी वढून घेतं. हातोडी वाटीवर आपटती. ठण!

गुंडामामा : मग हातोडी चिकटूनच बसायला पायजे. एकदा ठण आन् गप. आपली घंटी तर बोट उचलंपातूर बोंबलती.

आक्काताई : चिकटून बसत न्हाई, कारण... कारण...

बाळासो : स्प्रिंग!

आक्काताई : चुंबक वढत असताना स्प्रिंगचं काय चालणार? थांब जरा. पट्टी वढली गेली की तिला टेकलेल्या स्क्रूपासनं सुटती. आन् वीज तर तितनंच जात हुती. म्हंजे वाट तुटली, वीज बंद. वीज बंद, की चुंबक संपलं. मग स्प्रिंग पट्टीला मागं आणती, ती परत स्क्रूला टेकती, परत वीज, परत ठण!

गुंडामामा : म्हंजे आपली वाट आपणच तोडती आन् आपणच जोडती.

आक्काताई : व्हय! मामा, हे मला आत्ता कळलं. सहामाहीला घोकून गेले हुते, निम्म्यावर आलं आन् म्होरचं सगळं पुसलं गेलं.

गुंडामामा : म्होरलं चितार. आडवी काचनळी, बुडाखाली दिवा. तिला एक वाकडी नळी, ती गेलीया घमेल्यातल्या पाण्यात. त्या पाण्यात बाटली पालथी.

बाळासो : हातभट्टी!

गुंडामामा : तुझ्या आबांना पत्र घालू का? कुणाकडनं तरी लिवून घेईन.

आक्काताई : मामा, घमेल्यात पाणी हाय, नक्की?

गुंडामामा : नक्की. मीच भर... मी बघितलंय की.

आक्काताई : मग अमोनिया न्हाई. अमोनिया पाण्यातच विरघळून जाईल, बाटलीत काय गोळा हुणार? ऑक्सिजन हाय ह्यो. बाळ्या, नळीत काय काय घालायचं?

बाळासो : पोटॅशियम क्लोरेट. आन् ते काळं... मँगनीज डायऑक्साइड.

गुंडामामा : काळं कशाला?

बाळासो : ते नुसती घाई लावतं, मामा. सोता काय बदलत न्हाई, दुसऱ्याला पळवतं. आमच्या चुलतीगत.

आक्काताई : माझ्या आईला म्हणतोयस व्हय रं?

बाळासो : उदाहरण दिलं. उदाहरणाला एक मार्क असतो.

(गुळाचा डबा निम्म्यावर येतो. तोवर हृदयाचे चार कप्पे, जास्वंदीचं फूल आणि पाणबुडीचा परिदर्शक होऊन जातात.)

गुंडामामा : आता ह्यो शेवटचा. मोठ्ठा कांदा, उभा चिरल्याला. म्होरल्या अंगाला भिंग. मागनं शेंडी निघालीया.

आक्काताई : डोळा!

बाळासो : डोळा, डोळा! मी आदी म्हणणार हुतो.

गुंडामामा : आन् त्या शेंडीच्या खालतीच एक भोक.

बाळासो : अंधबिंदू! डोळ्याची नस जितनं भाईर पडती, तितं पडद्यावर काय उमटलं तरी दिसत न्हाई. आक्के, पाच मार्क खिशात! नर्स झालीस बघ तू!

आक्काताई : मामा, भोक केवढं हाय?

गुंडामामा : आठाण्याएवढं.

आक्काताई : कडा कुरतडल्यागत?

गुंडामामा : व्हय, अगदी तशाच.

आक्काताई : अंधबिंदूला भोक नसतं, मामा. ती नुसती जागा असती, चित्रात दिसत बी न्हाई.

बाळासो : मग ते भोक कशाचं?

आक्काताई : ते उंदरानं पाडलंय. त्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या तक्त्यांत डोळ्याचा तक्ता हाय, त्याला. सर दर वर्सी म्हणत्यात, ह्या भोकाकडं लक्ष देऊ नका.

बाळासो : म्हंजे सरांनी पेपरात उंदरासकट डोळा काढला?

आक्काताई : आरं येड्या, पेपरात न्हाईच ते. घंटा, वायू, हृदय, फूल, समदी ह्या कोपऱ्यातली चित्रं हायत. मामा तक्ते सांगत हुते.

गुंडामामा : उंदरानं घात केला. एकवीस वर्सं तक्ते टांगतोय, त्या भोकासकट डोळा पाठ झालाय मला.

बाळासो : आन् मग ती शाई?

गुंडामामा : पालक सभंच्या नोटिशीची. शास्त्राचा पेपर अजून सरांच्या डोक्यातच हाय. सोमवारी कागदावर उतरंल.

बाळासो : फसवलंसा, मामा! वर गूळ बी खाल्लासा! सगळी दुपार पाण्यात गेली.

आक्काताई : पाण्यात कशी गेली? सहा चित्रं झाली की, पुस्तक न उघडता. मला अजून बी सांगता येतील. पण मामा, एक इचारू? पेपर छापून झाला असता तर सांगितला असता?

गुंडामामा : एकदा सांगितलाय.

बाळासो : कुणाला?

गुंडामामा : चाक फिरवायला लागलं की पहिलं चार-पाच कागद खराब येत्यात. ते जाळायचं असत्यात. नऊ वर्सांमागं त्यातला एक न जाळता घरी नेला. आमच्या आकारामसाठी.

आक्काताई : मग?

गुंडामामा : शास्त्रात शाळेत पहिला आला. मी पेढं वाटलं. सरांनी समद्यांम्होरं त्याची पाठ थोपटली. मग बोर्डाची परीक्षा आली.

बाळासो : आन्?

गुंडामामा : बोर्डाचं चाक मी फिरवत न्हाई, पोरा.

आक्काताई : आकारामदादा आता सांगलीला असत्यात न्हवं?

गुंडामामा : हळदीच्या वखारीत पोती उचलतोय. मला कवा एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं वाटलं असतं. मीच नासवलं त्याचं.

बाळासो : मामा, डबा ठिवा तुमी. सगळा ठिवा. मी आईला सांगीन, सांडला म्हणून.

गुंडामामा : गूळ सांडतोय व्हय रं, शास्त्रज्ञा?

आक्काताई : मामा, अजून किती तक्ते हायत?

गुंडामामा : सोळा.

बाळासो : सोळा! आगं, मी भरतीलाच जातो.

आक्काताई : भरती पळून जात न्हाई. मामा, उद्या येऊ का आमी? रविवारी किल्ल्या तुमच्याकडंच असत्यात.

गुंडामामा : या. आकाराम बी येणार हाय सांगलीस्नं. मागच्या खेपंला त्याच्या पिशवीत शास्त्राचं पुस्तक घावलं. बाहेरनं फॉर्म भरलाय, मला न सांगता. शास्त्र तेवढं राहिलंय म्हणं.

आक्काताई : मग आमी त्यांना समदं सांगतो की! घंटी कशी वाजती, ऑक्सिजन, अंधबिंदू...

गुंडामामा : न्हाई. चित्र मी सांगीन. तुमाला आलं तरी तोंड उघडायचं न्हाई. बाळासो, तू बी.

बाळासो : आन् त्यांनी शिंप्याचं दुकान म्हटलं तर?

गुंडामामा : म्हणू दे. लागंल तेवढा येळ लागू दे. त्याला वळखू द्या.