हरण्याले कोणी मारलं

बैल घ्याले आले अन् पाठीवर वळ कायले शोधता, शेषराव? कबऱ्याचं अंग साफ आहे, उलटा हात फिरवून पाहा — नाई सापडाचा. जानेफळापर्यंत गेली म्हणा ना गोष्ट, की उंद्रीच्या अंबूबाईचा नवरा इनामासाठी बैल हाणून मारते. हाव, इथंही तसंच म्हणतात. दोन वर्षं झाले, आमचे हे पारावर बसत नाईत, कासऱ्याले हात लावत नाईत.

तुमचा शंकरपट म्हणजे बैलांची घडीभराची शर्यत — झेंडा पडला अन् संपला. आमचा लांबचा पट, उंद्रीच्या वेशीपासून चिखलीच्या वेशीपर्यंत, सहा-सात कोस. सासऱ्याच्या वक्ताले दोन पाटलांच्या जिदीनं सुरू झाला. त्यात पळवाचं नसते, दम राखाचा असते — पहिल्याच कोसात हाणला तं नाल्याच्या चढावर बैल बसते, खडकावर खूर फाटते, रेंगीचं चाक निखळते. हाकणाऱ्याचा कान बैलाच्या श्वासावर पाह्यजे. मले कोणी शिकवलं? कोणी नाई. गोठ्यात राहून शिकली, अन् ह्यायले मीच शिकवलं — हसता काऊन, गावात इचारा. अन् रस्त्यात बैलाले पाणी नाई. तापल्या पोटात पाणी गेलं का तो आडवा झालाच. शेंबड्या पोराले माहीत आहे हे.

हाणला नाई हो हरण्याले, कबऱ्याच्या जोडीदाराले. ह्यायची तुतारी, बैलाले टोचाची काठी, त्या दिवशी घरीच होती, दाराच्या मागं. पट आमच्या वावराजवळून जाते, चौथ्या कोसावर. मी बांधावर उभी. जोताची गाठ सुटली म्हून ह्यायनं रेंगी थांबवली, पलीकडं कबऱ्याच्या बाजूले वाकले — इकडं हरण्यानं मले ओळखलं. त्याची माय मेली तवा बांबूच्या नळीनं दूध पाजून वाढवला होता मी त्याले. जीभ बाहेर, तोंडाले फेस. अन् मी विहिरीवरून आलेली — म्हणजे — घागर होती माह्यापाशी.

दोन घोट, म्हटलं. दोन घोटानं काय होते. त्यानं तोंड काढलंच नाई, अन् म्याही घागर ओढली नाई.

हे उठले, त्याचं ओलं तोंड पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. रेंगी तिथंच सोडली. दिवस मावळाच्या आत हरण्या गेला. पंचांनी इचारलं तवा हे म्हणाले, माह्या हातून झालं. मी तिथंच उभी होती, पदर धरून. गावभर तोंड चालते माह्यं — त्या दिवशी नाई चाललं.

तुमाले काऊन सांगितलं, कोण जाणे. जानेफळात सांगाचं तं सांगा, बाईनं मारला म्हणा. कबऱ्या विकाचा नाई.

हे वावरातून येऊन राह्यले. त्यायले काई इचारू नका. उठा.